फिशिंग प्लॅनेट : मोठा मासा आणि सामानाची जुळणी

फिशिंग प्लॅनेट या मासेमारीच्या कॉम्प्युटर गेममधल्या दुकानात प्रत्येक रॉडखाली आकडे लिहिलेले असतात. लांबी किती, किती वजनाचं आमिष फेकता येईल, किती किलोची दोरी झेपेल, आणि किंमत. नवा खेळाडू बहुधा किंमत बघतो आणि खिशाला परवडेल तो सगळ्यात दणकट रॉड उचलतो. रीळ घेईपर्यंत पैसे संपत आलेले असतात, मग तंगूस, म्हणजे गळाची दोरी, मिळेल ती भरली जाते. पहिला मोठा मासा लागला की यातलं काहीतरी तुटतं. नेमकं काय तुटतं आणि का, हे हा गेम इतक्या चोख दाखवतो की मासेमारीचा दुसरा कुठलाही गेम मला आता पोकळ वाटतो.

आधी ओळख करून देते. गेम युक्रेनमधल्या मंडळींनी बनवलेला आहे, 2015 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला आणि फुकट आहे. इंटरनेट मात्र सतत लागतं. सुरुवात टेक्सासच्या लोन स्टार लेकपासून होते, पुढे मिसूरी, कोलोरॅडो, न्यू यॉर्क, फ्लोरिडाचं एव्हरग्लेड्स, कॅनडातला अल्बर्टा असं फिरता येतं. प्रत्येक ठिकाणचा परवाना वेगळा आणि सहलीचं भाडं दिवसावर. साध्या परवान्यावर मोठा ट्रॉफी मासा लागला तर तो सोडून द्यावा लागतो. ठेवला तर दंड. पाणी, धुकं, पहाटेचा उजेड सगळं छान केलंय, पण त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.

मला बोलायचंय ते सामानाच्या जुळणीबद्दल. मासा लागला की पडद्यावर रॉड, रीळ आणि दोरी या तिघांवरचा ताण वेगवेगळा दिसतो. गेममधली ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. खऱ्या पाण्यावर तिघांचा ताण हाताला एकत्रच जाणवतो आणि कोण आधी हार मानणार हे तुटल्यावरच कळतं. इथे ते चढताना दिसतं. दोरीची पट्टी लाल व्हायला लागलीय आणि रॉडची अजून निम्म्यावर आहे, म्हणजे रॉड गरजेपेक्षा जड घेतलाय आणि त्यावर घातलेले पैसे वाया गेलेत. उलट दोरी आरामात आणि रॉड लाल झाला, तर जास्त वाईट. रॉड मोडला तर खिशाला मोठं भोक पडतं.

जुळणीचा हिशोब साधा आहे. समजा रिळाचा ड्रॅग जास्तीत जास्त 5 किलोचा आहे. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक, मासा त्याहून जोरात ओढायला लागला की रीळ उलटं फिरून दोरी सोडतं. मग लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला छोटा तुकडा, साडेपाच किलोचा, मुख्य दोरी 6 किलोची, आणि रॉड 7 किलोपर्यंतची दोरी झेपणारा. या क्रमाने लावलं की ड्रॅग पूर्ण आवळला तरी आधी रीळ सुटतं, बाकी काहीच तुटत नाही. आणि तुटायचंच असेल, समजा दोरी बुडातल्या झाडात अडकली, तर आधी लीडर जातो. लीडर आणि गळ गेला की थोडक्यात सुटलात. मुख्य दोरी तुटली तर पाण्यात सोडलेली सगळी लांबी जाते आणि रीळ पुन्हा भरावं लागतं. स्वस्त वस्तू आधी तुटावी, महाग शेवटी, एवढंच त्यामागचं सूत्र.

इथे एक शंका नेहमी विचारली जाते. दोरी 6 किलोची, मग 12 किलोचा मासा येईल कसा? येतो. पाण्यात माशाचं वजन पाणीच पेलतं, दोरीवर येतो तो त्याचा जोर, आणि तो जोर किती येऊ द्यायचा ते ड्रॅग ठरवतो. आयजीएफए ही गळाच्या मासेमारीची आंतरराष्ट्रीय संस्था 1939 मध्ये स्थापन झाली. ती दोरीच्या ताकदीनुसार वेगवेगळे विक्रम नोंदवते ते याचसाठी. बारीक दोरीवर मोठा मासा काढणं हीच त्यात कसोटी असते.

माझे बाबा दाभोळच्या खाडीत हातदोरीने गरवतात. त्यांच्याकडे ना रॉड ना रीळ. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर ते सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात आणि तंगूस त्यावरून जाऊ देतात. तांबोशीने ओढ घेतली की बोट किंचित सैल करतात, ती दमली की बोट दाबून एक एक वाव आत घेतात. त्यांचा ड्रॅग म्हणजे ते बोट. दिवाळीला आले होते तेव्हा मी त्यांना लॅपटॉपवर एक झुंज दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "तंगूस केवढ्याची भरलीस?" मी आकडा सांगितला. "मग एवढी ओढतेस कशाला? जाऊ दे ना त्याला." मी ड्रॅग दोन घरं सैल केला आणि मासा आला. गेम किती खरा आहे याचा यापेक्षा मोठा दाखला माझ्याकडे नाही. ज्यांनी आयुष्यात रीळ हातात धरलं नाही त्यांना तो पडद्यावर बघून वाचता आला.

ड्रॅगबाबत माझी सवय सांगते. मासा लागताना तो दोरीच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा. खरे गळवाले हेच प्रमाण धरतात. पहिल्या दोन-तीन धावा त्याला घेऊ द्यायच्या, त्यातच त्याचा बराचसा दम जातो, आणि मग घराघराने आवळत आणायचं. रॉड सतत वाकलेला हवा. लार्जमाउथ बास या माशाने उडी मारून डोकं झटकलं आणि त्या क्षणी दोरी ढिली असली, तर गळ सुटलाच म्हणून समजा. पण रॉड पूर्ण मागे खेचून उभा धरायचा मोह टाळा, मासा जवळ आल्यावर विशेषतः.

अल्बर्टाच्या व्हाइट मूस लेकमध्ये या हिशोबात आणखी एक गोष्ट येते, दात. तिथला नॉर्दर्न पाइक दोरी ओढून तोडत नाही, चावून तोडतो. तिथे फ्लोरोकार्बनचा, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक तंतूचा, लीडर कितीही किलोचा घेतलात तरी भरवसा नाही. स्टीलचा किंवा टायटॅनियमचा लीडर घ्याच, आणि त्याची ताकदसुद्धा वरच्या क्रमात बसवा, उगाच सगळ्यात जाड घेऊ नका. लीडर मुख्य दोरीपेक्षा दणकट झाला तर अडकल्यावर मुख्य दोरीच जाते.

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन डेल्टातला व्हाइट स्टर्जन ही शेवटची परीक्षा. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला हा सगळ्यात मोठा मासा. त्याच्यासाठी ताकदीइतकीच लांबी लागते. जाड मोनो, म्हणजे एकाच तंतूची नायलॉनची दोरी भरली तर रिळावर कमी मीटर बसतात, आणि स्टर्जनने एकदा दिशा धरली की रीळ रिकामं होताना बघत बसावं लागतं. म्हणून तिथे वेणीची, म्हणजे ब्रेडेड दोरी. तेवढ्याच ताकदीला ती कितीतरी बारीक, त्यामुळे भरपूर मावते. ती ताणत नाही, हा तिचा गुण आणि दोषही. मोनो ताणली जाऊन धक्का खाते, वेणीत तो धक्का थेट रॉडवर येतो. त्यामुळे वेणी भरलीत तर ड्रॅग आणखी थोडा सैल.

आणि मासे ठेवायची जाळी! ती सगळे विसरतात. प्रत्येक जाळीला एकूण वजनाची मर्यादा असते आणि एका माशाच्या वजनाचीही. सगळी जुळणी अचूक करून मासा काठाशी आणला आणि जाळीला तो झेपत नसेल, तर सोडावाच लागतो, त्याचे पैसे मिळत नाहीत. जुळणी रिळापासून सुरू होते आणि जाळीपाशी संपते.

गेमची दुसरी बाजूही आहे. चांगलं सामान पातळी वाढल्यावरच दुकानात उघडतं, आणि सुरुवातीला कमाई इतकी हळू होते की चुकीची खरेदी फार दिवस नडते. शिवाय रॉड आणि रीळ झिजतात, दुरुस्तीला पैसे लागतात. खरे पैसे टाकून वेग वाढवायची सोय दिलेली आहे. मी म्हणेन, टाकू नका. कमी पैशात नेमकं काय घ्यायचं हे डोकं खाजवून ठरवण्यात या गेमचा अर्धा आनंद आहे, तो विकत घेतल्यावर हातात फक्त मोठे मासे राहतात. ज्यांना पाच मिनिटांत काहीतरी गळाला लागलेलं हवंय त्यांना हा गेम कंटाळवाणा वाटेल. ज्यांना संध्याकाळभर एक तरंगती बोंडी बघत बसता येतं, त्यांनी आजच उतरवून घ्यावा.

सुरुवात करणाऱ्यांनी साठलेले पैसे आधी रिळावर घालावेत, कारण बाकी सगळे आकडे त्याच्या ड्रॅगवरून ठरतात. मग त्या आकड्यापेक्षा जरा वरची दोरी, दोरीपेक्षा जरा वरचा रॉड. उरलेल्या पैशांत दोन-चार लीडर जास्तीचे घ्या, मिसूरीच्या मडवॉटर नदीत ते लागतीलच.