तासांचा रकाना कोरा सोडला आणि ४८,९०० रुपये गेले

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी पीएलसी (कारखान्यातली मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) आणि ड्राइव्हची (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) कामं करतो, स्वतंत्रपणे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित या कोल्हापूरजवळच्या एमआयडीसी पट्ट्यात कुणाचं पॅनेल बंद पडलं की फोन येतो. नऊ वर्षं झाली, म्हणजे मी काही नवखा नाही. तरीही ५९,७०० रुपयांच्या कामातले हातात पडले १०,८००. बाकीचे ४८,९०० बुडाले असंच आता धरून चालतोय.

माणूस उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर भेटला. कारखान्यांची मेंटेनन्सची कामं घ्यायची आणि आमच्यासारख्यांना पाठवायचं, हा त्याचा धंदा. असले मधले ठेकेदार सगळ्यांनी पाहिलेत. साताऱ्याकडच्या एका कारखान्याचं काम होतं. ठरलं ते असं: पूर्ण दिवसाचे ४,५००, अर्ध्या दिवसाचे २,५००, जाण्यायेण्याच्या वेळेचे खेपेला ८००, पेट्रोल-टोलचे सरसकट १,४००. सगळं तोंडी. बायको पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "अहो, लिहून घेतलंय का?" मी म्हटलं, ओळखीतला आहे. ओळख किती, तर दोन कप चहाची.

आता या 'अर्ध्या दिवसा'चं बघा. कोल्हापूर-सातारा साधारण १२० किलोमीटर. सहापदरीकरणाचं काम चालू, जागोजागी डायव्हर्जन, वर पावसाळा. सहाला घर सोडायचं, किणी आणि तासवडे असे दोन टोल, पावणेनऊला गेटवर. काम दोनला आटोपलं तरी घरी पोचायला पाच वाजायचे. अकरा तास गेले, दुसरं काम घेता आलं नाही, आणि हिशेबात अर्धा दिवस! त्यात तुम्ही हुशार असाल तर आणखी मार खाता. एकदा ड्राइव्ह सारखा ट्रिप होत होता, म्हणजे आपोआप बंद पडत होता. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडून ठेवलेली, मशीन हललं की अर्थला लागायची. चाळीस मिनिटांत सापडलं. त्यांचा माणूस दोन दिवस शोधत होता. ठेकेदार म्हणाला, "चाळीस मिनिटांचं काम भावा, त्याला कसला अर्धा दिवस?" दोष लवकर सापडला ही माझी चूक झाली.

माझी खरी चूक तिसऱ्या खेपेची. ती आठवली की अजून रात्री झोप लागत नाही. काम संपलं की सर्व्हिस रिपोर्ट भरायचा असतो. कार्बन घालून तीन प्रती निघतात तसलं जाडं पुस्तक. ते ठेकेदाराचंच होतं. त्या दिवशी तो स्वतः आलेला. काय दोष होता, काय बदललं, ते मी लिहिलं. 'कामाचे तास' हा रकाना भरायला लागलो तर त्यानं पानावर हात ठेवला. "ते ऱ्हाऊ दे. तास मी भरतो, तू नुसती सही कर. आपल्यात कसला हिशेब, भावा?" मी सही केली. का केली? पाऊस थांबला होता, अंधार पडायच्या आत कराड गाठायचं होतं. माझ्याजागी तुम्हीही केली असती, उगाच शहाणपणा सांगू नका. पण हात ठेवला तेव्हा पोटात काहीतरी हललं होतं, आणि मी ते दाबलं. पुढच्या आठ खेपा तसंच चाललं. माझी प्रत मागितली की, "पुस्तक गाडीत हाय."

अकरा खेपा झाल्या. चार पूर्ण दिवस, सात अर्धे. सुरुवातीला १२,००० ॲडव्हान्स म्हणून १०,८०० टाकले, १,२०० टीडीएस कापला म्हणाला. नंतर २६एएस (आयकर खात्याकडचा टीडीएसचा उतारा) उघडून बघितलं तर त्यात त्याचं नावसुद्धा नाही. शेवटी बिल दिलं, तेव्हा, "प्रवासाचं कुठं ठरलं होतं?" मग महिनाभर उद्या-परवा. मग २०,००० चा चेक. तो अपुऱ्या शिलकीमुळं परत आला. "पुढच्या सोमवारी परत टाक, पैसे यायलेत." परत टाकला, परत आला. चेकची तीन महिन्यांची मुदत याच खेळात गेली. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, ती गेली नाही तर चेक न वटल्याच्या कलम १३८ खाली केस उभी राहत नाही, हे मला वकिलानं सांगितलं तेव्हा तेही दिवस संपले होते. तुमचा चेक परत आला तर त्याच आठवड्यात वकील गाठा, 'परत टाक'वर विश्वास ठेवू नका.

न राहवून कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्याला फोन केला. भला माणूस. बोलावून घेतलं आणि ठेकेदाराचं बिल समोर ठेवलं. अकरा पूर्ण दिवस, दर ९,०००, म्हणजे ९९,०००. प्रवासखर्च खेपेला ३,५०० प्रमाणे ३८,५००. एकूण १,३७,५००, आणि ते त्याला मिळालेसुद्धा. सोबत माझे रिपोर्ट. माझं अक्षर निळ्या शाईत, तासांच्या रकान्यात काळ्या शाईत 'सकाळी ९ ते सायं. ६'. उंदराच्या वायरीच्या दिवशीसुद्धा. खाली माझी सही.

मग सरकारी दारं. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, दिवाणीत जा. फसवणूक म्हणायची तर सुरुवातीपासून हेतू होता हे दाखवा. कोरा रकाना आणखी काय दाखवतो? म्हणे काम तिकडं झालं, तिकडच्या ठाण्यात द्या. तिकडं गेलो, तर म्हणे बोलणं कोल्हापुरात झालं, तिथंच द्या. कामगार कार्यालयात गेलो, तर तुम्ही कामगार नाही. ग्राहक आयोगात विचारलं, तर तुम्ही ग्राहक नाही. मग मी आहे तरी कोण? टॅक्स भरताना बरोबर व्यावसायिक असतो. चाळीस वर्षं भांडून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच मिळालं, आनंद आहे, पण माझा अर्ज अजून ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून हललेला नाही. पोचसुद्धा दिली नाही. पोच मागायची विसरू नका, ते स्वतःहून देत नाहीत.

लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, थकले तर बँकदराच्या तिप्पट व्याज, तक्रारीला सरकारी पोर्टल. ऐकून उड्या मारल्या. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, मी मात्र एजंटला १,५०० मोजले. आणि नोंदणी काम करायच्या आधीची हवी, नंतर केलेली मागच्या बिलाला सहसा चालत नाही. म्हणून आजच करा. स्वतः करा, आधार आणि पॅन पुरतं.

आता मी निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकतो: घर सोडल्यापासून वेळ धरणार, गेटवर आठ तास झाले नाहीत तरी ७० किलोमीटरच्या पुढं पूर्ण दिवस लागणार, पेट्रोल-टोल पावतीप्रमाणे. 'ओके' आल्याशिवाय गाडी काढत नाही. दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत. गेटच्या रजिस्टरचा फोटो येताना आणि जाताना काढतो. सिक्युरिटीवाला हसतो.

सोमवारी परत ठाण्यात जायचंय, पोच घ्यायला. इचलकरंजीचं एक काम त्यासाठी पुढं ढकललंय. तो ठेकेदार अजून उद्यमनगरात त्याच गाड्यावर चहा पितो. परवा त्याच्याबरोबर एक नवा पोरगा होता, पाठीवर लॅपटॉपची बॅग.