घरी जोडलेलं सोलर पॅनल : कोल्हापूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीनंतर कळंब्यातल्या आमच्या गच्चीवर दोन पॅनल चढवली. एक सुट्या सोलर सेलपासून (ऊन पडलं की वीज देणाऱ्या पातळ चकत्या) घरी जोडलेलं, दुसरं बाजारातून तयार आणलेलं. दोन्ही ३६ सेलचीच. मुद्दाम एकाच स्टँडवर शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे ऊन, धूळ, पाऊस दोघांना सारखाच. आता पावसाळा सरत आलाय आणि माझं मत पक्कं झालंय. पैसे वाचवायचे असतील तर सेलपासून पॅनल बनवू नका. तयार पॅनल घ्या आणि त्याच्या मागचं सगळं काम, स्टँडपासून वायरिंगपर्यंत, स्वतः करा.

तरीही जोडणीबद्दल सांगतो, कारण सोलर म्हणजे काय ते मला तिथंच कळलं. एक सेल उन्हात साधारण अर्धा व्होल्ट देतो, लहान असो की मोठा. आकार वाढला की अँपिअर वाढतात, व्होल्ट नाही. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ३६ सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून, घ्यायचे. लोडवर १८ व्होल्टच्या आसपास मिळतात, नुसतं मीटर लावलं तर २१-२२. सेलची निळी बाजू निगेटिव्ह, पाठ पॉझिटिव्ह. एकाच्या निळ्या बाजूवरची तांब्याची पट्टी पुढच्याच्या पाठीला डाखायची (सोल्डर करायची), अशा नऊ-नऊच्या चार ओळी. सेल ०.२ मिलिमीटरहूनही पातळ, भाजलेल्या पापडासारखा मोडतो. त्यामुळे थोडे जादा सेल आणायचेच, आणि प्रत्येक ओळ चिकटवण्याआधी उन्हात धरून मोजायची. काचेखाली गेल्यावर कच्चा डाख सापडत नाही.

चौकट उद्यमनगरात स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमची करून घेतली. माप सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काटकोनात बसलेली चौकट हातात. कोल्हापुरात राहण्याचा हा मोठा फायदा. असली कामं इथं अडत नाहीत.

अडतं ते सील करण्यात. कारखान्यात काच, ईव्हीएची (तापवली की वितळून चिकटणाऱ्या प्लॅस्टिकची) शीट, सेल, परत ईव्हीए आणि मागची शीट हा सगळा थर हवा काढून साधारण १४५ अंशांवर दाबतात. घरी हॉट एअर गननं ईव्हीए चिकटतं, पण आतली हवा पूर्ण निघत नाही. थंडीत याचा काही त्रास नाही. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती धरून अँपिअर मोजायचं मीटर) घरचं पॅनल तयार पॅनलच्या थोडंच मागे होतं आणि मला त्याचा खरंच अभिमान वाटायचा. वैशाखात दोन्ही पॅनलचे वॅट उतरले, कारण सेल तापला की दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वॅट घटतात. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशांच्या सेलचे असतात आणि आपल्या गच्चीवर सेल ६०-६५ पर्यंत सहज जातो. म्हणजे कडक उन्हातही सहावा-सातवा हिस्सा गेलाच. पॅनल स्लॅबला चिकटवून ठेवू नका, खालून वारा खेळू द्या.

आषाढात मात्र फरक उघडा पडला. घरच्या पॅनलमध्ये कडेच्या बुडबुड्यांभोवती पांढुरकी झाक आली, मग पट्ट्यांवर हिरवट गंज. अँपिअर हळूहळू उतरले आणि परत चढले नाहीत. तयार पॅनल पाऊस उघडला की पूर्ववत. आपल्याकडे जुलैत सूर्यच दिसत नाही, ते दोघांनाही सारखंच. पण ओलावा आत शिरणं हे घरच्याच पॅनलचं दुखणं.

खर्चाचं सांगायचं तर सेल, पट्टी, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचं रसायन), टफन्ड काच, ईव्हीए आणि चौकट धरून घरच्या पॅनलचा वॅटमागे खर्च तयार पॅनलच्या दुपटीवर गेला. कारखाने हजारोंनी बनवतात, आपण एक. त्या भावात आपण बसूच शकत नाही. शिवाय तयार पॅनलला २५ वर्षांची परफॉर्मन्स वॉरंटी, म्हणजे वॅट ठरावीक पातळीखाली उतरणार नाहीत याची हमी, मिळते.

मग वाचलं कुठं? स्टँड अँगल आणून स्वतः ड्रिल करून बसवला, दक्षिणेकडे तोंड, कल १७ अंशांच्या जवळपास, कारण कोल्हापूरचा अक्षांश तेवढाच. वायरिंग, फ्यूज, अर्थिंग माझंच. वळवाच्या वाऱ्यात पॅनल उडू नये म्हणून अँकर बोल्ट जाड घ्या. बॅटरी इन्व्हर्टरची आधीपासून होती. ती नवी घ्यावी लागली असती तर हा हिशोब बसलाच नसता. दिवे, राउटर आणि दोन बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) पंखे आता त्यावर चालतात. स्वच्छ उन्हाच्या महिन्यात वीस-पंचवीस युनिट वाचतात. ऐकायला कमी वाटतं, पण ही युनिट बिलाच्या वरच्या टोकाची जातात, आणि १०० युनिटच्या पुढचा दर आधीच्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. बिल १०० च्या आत राहिलं की फरक डोळ्यात भरतो.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ऊस हंगामात कारखाने आणि गुऱ्हाळं पेटली की काजळी गच्चीवर उतरते. हवेतल्या धुळीपेक्षा ती चिकट असते, नुसत्या पावसाची वाट बघून जात नाही. सकाळी काच गार असताना मऊ फडक्यानं धुवायची. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. आणि शेजारच्या माडाची सावली एका सेलवर जरी पडली तरी पूर्ण ओळ खाली येते, म्हणून जागा ठरवताना दिवसभर सावली कुठं सरकते ते बघा.

घरी जोडलेलं पॅनल नेट मीटरिंगला (उरलेली वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा करून घेणं) चालत नाही, ग्रिडला म्हणजे कंपनीच्या लाइनला जोडण्याचा विचारही करू नका. छतावर मोठं बसवायचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट व वर ७८ हजार अनुदान आहे. त्यासाठी पॅनल देशी बनावटीच्या सेलचीच लागतात आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करावं लागतं. शाळेतल्या पोराला शिकवायचं असेल तर मात्र चार सेल आणा, दहा-बारा वॅटचं छोटं पॅनल जोडा आणि त्याच्या हातात मल्टिमीटर द्या.