बोअरचा पॉइंट कशाने काढायचा? नारळ, मशीन, रेझिस्टिव्हिटी की शेजारच्या विहिरी

एप्रिल लागला की आपल्याकडं सोलापूर जिल्ह्यात एकच प्रश्न फिरतो, पॉइंट, म्हणजे बोअर मारायची जागा, कुणाकडून काढू. सांगोल्यात डाळिंब जगवायचंय, मोहोळला ऊस वाळायला लागलाय, बार्शीत जुना बोअर आटलाय, आणि बोअरचा गाडीवाला म्हणतोय उद्या येतो, जागा दाखवून ठेवा. मग घाईत जो पहिला भेटेल त्याला बोलावलं जातं. म्हणून हे चार पर्याय समोरासमोर ठेवून लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, सोलापूरच्या खडकात पहिला नंबर शेजारच्या विहिरींचा, दुसरा रेझिस्टिव्हिटीचा (जमिनीत करंट सोडून खडक विजेला किती अडवतो ते मोजायचं), आणि तोही तुम्ही किती खोल जाणार यावर अवलंबून. उरलेल्या दोन्हींवर मी पैसे घालणार नाही.

आधी खाली काय आहे ते बघू. जिल्ह्यात जवळजवळ सगळीकडं बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक. थराच्या वरच्या अंगाला भोकाभोकाचा मांजऱ्या, त्याखाली घट्ट काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मधे कुठं कुठं लाल मातीचा पट्टा. घट्ट पाषाणात पाणी धरायला जागाच नसते, ते सापडतं मुरमात (झिजून भुसभुशीत झालेल्या खडकात), भेगाळलेल्या मांजऱ्यात नाहीतर थरांच्या सांध्यात, आणि तिथंही थोडंच. भूजलाचा हिशोब करताना असल्या झिजलेल्या, भेगाळलेल्या बेसॉल्टमधून त्याच्या घनफळाच्या साधारण २ टक्के पाणी हाती येईल असं धरतात, म्हणजे एक एकराखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर हातात येणार सुमारे ८० हजार लिटर. घट्ट पाषाणाला तर अर्धा टक्कासुद्धा धरत नाहीत. त्यामुळं कुणी "तुमच्या रानाखाली पाताळगंगा आहे" म्हणालं की तिथंच थांबा.

आता नारळ, कडुनिंबाची काडी, तांब्याची तार. हे हातात धरून पाण्याची जागा सांगणारे गावातले जुने पाणाडे बरेचदा प्रामाणिक असतात आणि त्यांना ओढा कुठून वळतो, कुणाची विहीर मेपर्यंत टिकते हे पाठ असतं, ती माहिती खरी आहे आणि ती जरूर विचारून घ्या. पण तळहातावर नारळ उभा राहतो त्याचा खालच्या पाण्याशी संबंध नाही. जर्मनीत म्युनिचजवळ १९८७-८८ साली एका कोठारात खाली पाण्याचा पाइप सरकवून वरून जागा ओळखायला सांगितली होती, निवडक ४३ पाणाडे आणि ८४३ चाचण्या, आणि नंतर त्या आकड्यांची नीट तपासणी झाली तेव्हा नुसत्या अंदाजापेक्षा ते काही पुढं गेलेले दिसले नाहीत. आपल्याकडं अडचण अशी की थोडीफार ओल बऱ्याच बोअरला लागतेच, मग पाणाड्याचं खरं झालं असं वाटतं, पण ते पाणी मेमध्ये किती इंच (बोअरच्या धारेचं माप) राहिलं हे नंतर कुणी विचारत नाही.

दुसरी ती पेटीतली मशीन, जी मोबाईलवर रंगीत चित्र दाखवते. जमिनीतल्या नैसर्गिक विद्युत लहरी मोजायचं तत्त्व खोटं नाही, पण निळा रंग म्हणजे पाणी हे खोटं. चिकण माती, लाल मातीचा पट्टा आणि पाण्यानं भरलेला मांजऱ्या हे तिन्ही वीज सहज वाहू देतात, त्यामुळं चित्रात सारखेच दिसू शकतात, आणि रानावरून विजेची लाइन जात असेल तर तारांचा गोंधळ वेगळाच. जो माणूस मोजलेले आकडे देत नाही, फक्त चित्र दाखवून "पाचशे फुटावर तीन इंच" सांगतो, त्याच्यावर कुणाचं डाळिंब सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

रेझिस्टिव्हिटी सर्व्हे मात्र खरं शास्त्र आहे. चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोनवर व्होल्टेज मोजायचं, बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत जायच्या म्हणजे करंट आणखी खालून फिरतो. उन्हाळ्यात माती कोरडी असते म्हणून चांगला माणूस खुंटीपाशी मिठाचं पाणी ओततो, हे बघून घ्या. ओली काळी माती दहा ओहम-मीटरच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आत, पाण्याचा मुरूम-मांजऱ्या साधारण वीस ते पन्नास, घट्ट पाषाण सत्तर-शंभरच्या वर, असा ढोबळ अंदाज असतो. म्हणजे मुरूम किती जाड आहे आणि पाषाण कुठं सुरू होतो हे ती चांगलं सांगते.

पण इथंच मोठी मेख आहे जी सर्व्हेवाले सांगत नाहीत. बाहेरच्या दोन खुंट्यांमधलं जे अंतर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच खोली धरता येते. पाच एकराचा चौकोनी तुकडा घेतला तर बाजू साधारण १४२ मीटर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २०० मीटर. म्हणजे सगळं रान वापरलं तरी माहिती मिळणार ५०-६५ मीटरची, दीडशे-दोनशे फूट. सहाशे फुटाची खात्री हवी असेल तर तार शेजारच्या चार जणांच्या रानातून न्यावी लागेल, मधे कुंपणाची तार किंवा लोखंडी पाइपलाइन असली तर आकडे बिघडतील, आणि एवढं करूनही तीनशे फुटाखालचा दोन फुटाचा सांधा त्या ग्राफमध्ये दिसतच नाही. म्हणून विहीर खणायची असेल, किंवा विहिरीत आडवे बोअर मारायचे असतील तर रेझिस्टिव्हिटी पैसे वसूल करते. भीमा-सीनेच्या काठच्या गाळाच्या रानात वाळू कुठं आणि चिकण कुठं हे बघायला तर फारच उपयोगी, फक्त पाणी खारट असेल तर तेही आकड्यात चिकणीसारखंच दिसतं. खोल बोअरसाठी मात्र तिच्यावर फार भार टाकू नका.

आणि आता शेजारच्या विहिरी, ज्याला एक रुपया लागत नाही आणि म्हणूनच कुणी करत नाही. उन्हाळ्यात आसपासच्या सात-आठ विहिरींच्या काठावर जाऊन आत बघा. वर काळी माती, मग पिवळट मुरूम, मग पांढरे-हिरवट दाणे असलेला मांजऱ्या, त्याखाली सरळ उभा काळा पाषाण. मुरूम किंवा मांजऱ्या संपून पाषाण सुरू होतो तिथं बरेचदा एक आडवी ओलसर रेघ असते, कधी त्यावर शेवाळ, एखादं पिंपळाचं रोप. तोच पाझर. ती रेघ काठापासून किती फुटावर ते लिहून घ्या, दोन-तीन विहिरींत उंचसखलपणा धरून एकाच पातळीला आली तर तुमच्या रानातही ती तिथंच असायची शक्यता चांगली. ज्याचा बोअर झाला त्याला किती फुटावर बोअरमधून निघणारी खडकाची भुकटी ओली झाली, लाल भुकटी कधी आली, केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून वरच्या भागात घालायचा पाइप) किती टाकलं हे विचारा. फेल गेलेला बोअर तर आवर्जून विचारा, कारण तिथून तुम्हाला कुठं जायचं नाही ते कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजतात, जिल्हा कार्यालयात जाऊन तुमच्या गावाजवळच्या विहिरीची पातळी विचारता येते.

मग ठरवायचं कसं? मुरूम जाड आणि जुनी विहीर असेल तर नवा बोअर सोडा, रेघेच्या पातळीला आडवे बोअर आणि विहिरीतला गाळ काढणं आधी. रान नवीन, विहीर नाही, शेजारी मुरूम पंधरा-वीस फूट, तर रेझिस्टिव्हिटी करून जिथं मुरूम-मांजऱ्या सगळ्यात जाड तिथं विहीर. वर दोन फूट माती आणि खाली लगेच पाषाण असेल तर बोअरच उरतो, तेव्हा शेजाऱ्यांना लागलेली खोली धरा आणि गाडीवाल्याला आधीच सांगा की दर वीस फुटाला भुकटीची मूठ कागदावर ओळीनं ठेवायची. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा जास्त खोलीची विहीर ही खोल विहीर धरलीय आणि अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या क्षेत्रात तिला मनाई आहे, तेव्हा दोनशे फुटाखाली जायच्या आधी तुमचं गाव त्यात येतं का ते बघा. आणि रेझिस्टिव्हिटीवाल्याला पैसे देताना ग्राफ आणि खुंट्यांच्या अंतरासकट सगळे आकडे लिहून घ्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला दाखवता येतात.