जळगावातला टर्फ, फुटबॉल खेळणाऱ्याच्या नजरेतून

क्रिकेटवाल्यांनी हा रिव्ह्यू नाही वाचला तरी चालेल, त्यांच्यासाठी हा टर्फ, म्हणजे आर्टिफिशियल गवताचं मैदान, एक नंबर आहे. फुटबॉलला मी पाचपैकी तीन स्टार देतो, तेही रात्रीच्या स्लॉटला. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या स्लॉटला एकच स्टार, आणि तोही मालक स्वभावाने चांगला आहे म्हणून. नाव लिहीत नाही, कारण मी जे लिहितोय ते आपल्याकडच्या बऱ्याच टर्फना लागू होईल.

मेन प्रॉब्लेम असा की टर्फ बनवलाय बॉक्स क्रिकेटसाठी (चारी बाजूंनी नेट लावलेल्या छोट्या जागेतलं क्रिकेट), दोन्ही टोकांना गोलपोस्ट ठेवले की झाला फुटबॉल टर्फ. फुटबॉलच्या मैदानाचं आर्टिफिशियल गवत साधारण 40 ते 60 मिलीमीटर उंच असतं, त्यात खाली वाळू आणि वर रबराचे काळे दाणे भरतात, म्हणून पाय थोडा दबतो आणि बॉलला जरा अडकाव मिळतो. इथे गवत आखूड, दाणे नावाला, आणि जे आहेत ते सगळे कडेला नेटजवळ जमा झालेत कारण ब्रश कोणी मारतच नाही. त्यामुळे थ्रू पास, म्हणजे डिफेंडरच्या मधून पुढच्या मोकळ्या जागेत पास, दिला की बॉल सुसाट, स्ट्रायकर पोचायच्या आधी नेटला. फिफाच्या टेस्टमध्ये एक मीटर उंच उतारावरून बॉल सोडतात आणि तो किती लांब घरंगळतो ते मोजतात, सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटला 4 ते 8 मीटरच्या आत थांबायला पाहिजे. इथे तशी टेस्ट घेतली तर बॉल आणायला एक पोरगं गेटवर उभं करावं लागेल.

दुसरं म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना मी वेगळा सांगायला नको, हवाच 44-45 ला जाते. प्लास्टिक आणि काळं रबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, खऱ्या गवतातलं पाणी उडत राहतं म्हणून ते तेवढं तापत नाही, इथे उडायला पाणीच नाही. मालक पाईपने पाणी मारतो, थोडा वेळ बरं वाटतं, मग वाफ निघायला लागते आणि अजून जीव जातो. त्यात स्लाईड मारली तर गुडघा सोलून निघतो आणि आठवडाभर पॅन्ट चिकटते. संध्याकाळी सातनंतरच बुक करा, तोही सूर्य मावळल्यावर जरा दम खाऊन.

आता कोणी म्हणेल मग ग्राउंडवर खेळा ना, नॅचरल ते नॅचरल. अरे पण भो, आपल्याकडे नॅचरल म्हणजे काय? टीव्हीवर दिसतं तसं गवत इथे कुठंय! उन्हाळ्यात काळ्या मातीला पाय मुरगळेल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच माती बुटाला किलोभर चिकटते, आणि ऑक्टोबरनंतर गोखरू, एका काट्यात नवा बॉल बसला. चांगलं गवत राखायचं तर पाणी, रोलर, कापणी, खत, आणि वर्षातले काही महिने ग्राउंड बंद ठेवायची हिंमत लागते, आपल्याकडे ग्राउंडवर सकाळी वॉकिंग, दुपारी क्रिकेट आणि मध्येच कोणाचा तरी मंडप. म्हणून टर्फला नावं ठेवूनही मी परत तिथेच जातो. पावसाळ्यात तर तोडच नाही, पाणी खाली निचरून जातं, पाऊस थांबला की लगेच गेम चालू.

मोठ्या लेव्हलला मात्र खेळाडूंचं मत पक्कं आहे. 2015 चा महिला वर्ल्डकप कॅनडात पूर्ण आर्टिफिशियलवर झाला तेव्हा खेळाडूंनी कायदेशीर तक्रार केली होती. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आर्टिफिशियल टर्फ होता, 2017 च्या अंडर-17 वर्ल्डकपआधी तो काढून बर्म्युडा गवत लावलं. नेदरलँड्सने 2025-26 पासून टॉपच्या लीगमध्ये आर्टिफिशियल बंदच केलं. पण त्यांच्याकडे रोज राबणारा ग्राउंड स्टाफ आहे, आपल्याकडे वॉचमनच पाणी मारतो.

बुटाचं सांगतो कारण यात पोरं पैसे वाया घालवतात. एफजी (फर्म ग्राउंड, म्हणजे खऱ्या गवताच्या मैदानासाठीचे) लिहिलेले लांब स्टडवाले बूट इथे घालू नका, स्टड अडकतो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. तळाला छोटे रबरी दाणे असलेले टीएफ (टर्फचे) बूट घ्या. इथे गेटवर बूट बघतात, स्टड असले तर आत सोडत नाहीत, सुरुवातीला राग येतो पण बरोबर आहे त्यांचं.

बाकी लाईट चांगले, फक्त पावसाळ्यात किडे फार. गोलसमोर दोन पट्ट्यांचा जोड उखडलाय, तिथे गोलकीपरने जपून, सांगून सांगून थकलो, मालकाचं एकच, ‘करी देसू भाऊ’. टाईमचं मात्र खेचत नाही, मागे कोणाचं बुकिंग नसेल तर दहा मिनिटं जास्त खेळू देतो. प्यायचं पाणी आपलं घेऊन जा. पार्किंग कच्चं आहे, पाऊस झाला की बाईक रुतते, रोडच्या कडेलाच लावा.