न्यू जर्सीतला प्रौढांसाठीचा इंग्रजी वर्ग: नऊ महिन्यांनंतर

मुलाने ग्रीन कार्ड केलं आणि आम्ही दोघं एडिसनला राहायला आलो तेव्हा मी ५८ वर्षांची होते. त्याआधी साताऱ्याकडच्या आमच्या गावात २१ वर्षं अंगणवाडी सेविका होते. शिक्षण दहावीपर्यंत, मराठी माध्यमातून. इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायचं, बोलायची वेळ मात्र कधी आलीच नव्हती.

ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, हिंदी-गुजरातीवर सगळं भागतं, त्यामुळे पहिलं वर्ष इंग्रजीवाचून निघालं. अडायचं ते दवाखान्यात, नातवाच्या शाळेतून फोन आला की आणि बसमध्ये. एकदा डॉक्टरांकडच्या चिठ्ठीवर ५/८ अशी तारीख होती. मी ५ ऑगस्ट समजून चिठ्ठी फ्रीजला लावून ठेवली. इथे महिना आधी लिहितात. ती ८ मे होती. तपासणी हुकली आणि पुढची वेळ मिळायला सहा आठवडे लागले. त्यानंतर सूनबाईने या वर्गाची माहिती काढली. मी सप्टेंबर ते जून असे नऊ महिने, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अडीच तास गेले. आपल्याकडचे पुष्कळ आई-वडील आता इकडे मुलांकडे राहायला येतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

वर्ग एक सामाजिक संस्था चालवते. तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून नाव देत नाही. फी एक पैसाही नाही. २०१४च्या वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट या कायद्याखाली प्रौढ शिक्षणासाठी केंद्राचा पैसा राज्यांमार्फत अशा संस्थांपर्यंत येतो. त्यामुळे हजेरी काटेकोर असते. पहिले १२ तास भरल्याशिवाय सरकारी हिशोबात तुम्ही विद्यार्थी म्हणून धरलेच जात नाही. मधेच महिनाभर भारतात जाऊन यायचं असेल तर आधी सांगा, नाहीतर जागा जाते. ती मिळायलाच मला चार महिने थांबावं लागलं होतं.

सुरुवातीला कॅसास नावाची चाचणी घेतात, एक वाचनाची आणि एक ऐकण्याची. माझं वाचन बरं झालं आणि त्या जोरावर मला तिसऱ्या पातळीला बसवलं. तिथे टीचर बोलायच्या त्यातलं चार आणेसुद्धा कळेना. शेजारी डॉमिनिकन रिपब्लिकची एक बाई होती. ती दहा वर्षं हॉटेलात काम करत होती, घडाघडा बोलायची, पण फॉर्म पुढे आला की पेन खाली ठेवायची. आम्ही दोघी एकाच पातळीवर, आणि दोघींची अडचण उलटी. आपली मराठी शाळेतली माणसं हमखास अशीच वरच्या वर्गात जातात. तुमचं असं झालं तर संकोच न करता खालची पातळी मागून घ्या. मी तिसऱ्या आठवड्यात मागितली आणि ऑफिसमधल्या बाईंनी लगेच बदलून दिली. माझे खरे महिने तिथून सुरू झाले.

टीचर निवृत्त शिक्षिका आहेत, सत्तरीच्या. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, मी टीचरच म्हणते. त्यांनी पहिल्या महिन्यात व्याकरणाला हातसुद्धा लावला नाही. औषधाच्या दुकानात काय बोलायचं, ९११ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला तर आधी पत्ता कसा सांगायचा, पाच सेंटचं निकेल आणि दहा सेंटचं डाइम यांतलं आकाराने लहान नाणं किमतीने दुप्पट कसं, हे सगळं आधी.

सगळ्यात मोलाचं जे मिळालं ते कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. मी ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणायचे. मराठीत आपण ‘पाणी द्या ना’ म्हणतो. सगळा नम्रपणा त्या ‘द्या’मध्ये आणि ‘ना’मध्ये असतो, वेगळा शब्द लावावा लागत नाही. इंग्रजीत ‘गिव्ह’ला असा आदर नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. टीचरनी ‘कॅन आय हॅव’ म्हणायला शिकवलं. वर्षभर दुकानातल्या मुली माझ्याशी तुटक का वागत होत्या ते त्या दिवशी उमगलं. निरोप घेतानाचंही तसंच. आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. मी वर्ग सुटताना ‘आय ॲम कमिंग’ म्हणून निघायचे, आणि टीचर मी परत येईन म्हणून दार उघडं ठेवून थांबायच्या. दोन-तीन वेळा असं झाल्यावर त्यांनी विचारलं. मी तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं की आमच्यात घरातून जाणाऱ्याने ‘जाते’ म्हणणं अशुभ मानतात. त्यांनी ते फळ्यावर लिहून घेतलं आणि इतरांना त्यांच्या भाषेत निरोप कसा घेतात ते विचारलं. तो पूर्ण तास त्यातच गेला. सत्तरीतल्या शिक्षिकेने माझ्या भाषेतला शब्द इतक्या आस्थेने ऐकावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. मला काही येत नाही म्हणून मी वर्गात आले होते. पण इंग्रजी सोडून मला बाकी पुष्कळ येतं, हे तिथे कुणी विसरलं नाही.

आता साक्षरतेच्या टेबलाबद्दल. आमच्या तुकडीत ग्वाटेमालाची एक बाई होती, चाळिशीची. तिची मातृभाषा माम, स्पॅनिशसुद्धा नंतर शिकलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, कुठल्याच भाषेत लिहिता येत नव्हतं. इंग्रजी न येणं वेगळं आणि अक्षरच न येणं वेगळं. संस्थेने सुरुवातीला दोन्ही एकाच वर्गात बसवलं, ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी चूक. फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं की ती चित्र काढावं तसं एकेक अक्षर काढत बसायची आणि तोवर फळा पुसला जायचा. दिवाळीच्या सुमारास अशा पाच जणींसाठी वेगळं टेबल झालं आणि एक स्वयंसेवक आले.

माझी आई ग्रामशिक्षण मोहिमेत लिहायला शिकली. ती मोहीम १९५९ साली आमच्या सातारा जिल्ह्यातच सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. दिवसभर शेतात राबून बायका रात्री कंदिलाच्या उजेडात बसायच्या आणि गाव साक्षर झालं की समारंभ व्हायचा, असं ती सांगायची. ती ‘ग म भ न’ अशी शिकली होती, कारण ती अक्षरं वळणाने एकमेकांच्या जवळची आहेत. मी अंगणवाडीत मुलांना आधी उभ्या-आडव्या रेघा आणि अर्धगोल गिरवायला द्यायचे, तेही त्याचसाठी. इथे मात्र एबीसीडी ओळीने चालली होती. एक दिवस मी धीर करून त्या टेबलाशी गेले आणि स्वयंसेवकांना म्हटलं, सी, ओ, ए, डी एकत्र घ्या, एल, आय, टी एकत्र घ्या. त्यांनी ऐकलं. ताटात मीठ पसरून बोटाने गिरवायचंही सुचवलं, तेही केलं. मार्चमध्ये त्या बाईने मुलीच्या शाळेच्या कागदावर पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली. तो कागद तिने मला आणून दाखवला. मला आईची आठवण आली आणि डोळे भरून आले.

तक्रारी थोडक्यात. जूनअखेर ते सप्टेंबर वर्ग बंद, त्यात शिकलेलं निम्मं विसरतं. मुलं सांभाळायची सोय नाही, त्यामुळे तरुण आया आठ-पंधरा दिवसांत गळतात. स्वयंसेवक बदलत राहतात. धड्यांत नोकरीच्या मुलाखती फार. सरकारी पैसा रोजगाराकडे बघून येतो हे समजतं, पण साठीच्या माणसाला दवाखाना जास्त लागतो. शुक्रवारचा कॉम्प्युटरचा तास मला निरुपयोगी वाटला. माणसाशी बोलायला गेलेल्या बाईला हेडफोन लावून बसवू नये.

नागरिकत्वाबद्दल आपल्या लोकांत एक गैरसमज फार आहे, तो इथे सांगते. ‘पंचावन्न झाली की नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजी माफ’ असं बरेच जण धरून चालतात. नुसत्या वयावर माफी नाही. अर्ज करताना वय ५० आणि ग्रीन कार्डवर इथे २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, असं दोन्ही लागतं. मग नागरिकशास्त्राचे प्रश्न आपल्या भाषेत देता येतात. माझ्यासारखीला त्यासाठी ७३पर्यंत थांबावं लागेल. पाच वर्षांनी अर्ज करायचा तर इंग्रजी हवंच. ऑक्टोबर २०२५पासून परीक्षाही वाढली आहे: १२८ प्रश्नांतले २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. आधी १००पैकी १० विचारायचे आणि ६ पुरायचे. संस्थेत शनिवारी याचा वेगळा वर्ग असतो, पण बोलणं जमल्यावरच तिकडे जावं.

नऊ महिन्यांत काय जमलं? दवाखान्यात फोन करून वेळ मी स्वतः घेते, आणि तारीख महिन्याच्या नावासकट परत म्हणून दाखवते. नातवाच्या टीचरशी पाच मिनिटं बोलते. चाचणीत एक पातळी वर गेले. ‘ए’ आणि ‘द’ कुठे लावायचं ते अजून चुकतं, मराठीत तसं काही नाहीच. फोनवर कुणी भरभर बोललं तर अजूनही थांबवावं लागतं, पण आता मी थांबवते.

जाणार असाल तर दोन गोष्टी करा. आपल्या भाषेच्या माणसाशेजारी बसू नका. मी पहिला महिना एका गुजराती बेनशेजारी बसले आणि आम्ही हिंदीतच बोललो. आणि नोंदणीचा फॉर्म मुलाकडून भरून घेऊ नका, चुकला तरी स्वतः भरा.

सप्टेंबरसाठी माझं नाव घातलं आहे. यंदा संध्याकाळची तुकडीही सुरू होणार आहे, पण मी सकाळचीच मागितली, कारण साक्षरतेचं टेबल सकाळी भरतं.