तिखट, पण कुणाच्या मानानं? मंगळवार पेठेतला चटणीचा डंक

वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट, करून घ्यायची असेल तर मंगळवार पेठेतल्या या डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटून देणाऱ्या यंत्रावर, जा. इथल्या मावशी "तिखट करू का मध्यम?" असं विचारत नाहीत. "घरात खाणारं कोण हाय? बारकी पोरं हाईत? पुण्याला पाठवायची हाय का हितंच?" असं विचारतात आणि मगच मिरचीला हात लावतात.

मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. 'तिखट', 'उंच', 'महाग' या शब्दांना स्वतःची ठरलेली रेघ नसते. कुणाच्या मानानं ते कळल्याशिवाय 'ही चटणी तिखट आहे' हे वाक्य खरं की खोटं सांगता येत नाही. मावशींचा प्रश्न नेमका तिथंच बोट ठेवतो. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञानं १९४४ साली छापलेल्या निबंधात म्हटलं होतं की माणूस मोजायला लागण्याआधीपासून कमी-जास्त ठरवत असतो. या डंकावर उभं राहिलं की ते पटतं.

पाकिटांवर एक, दोन, तीन मिरच्यांची चित्रं असतात, त्यांचा मला राग आहे. दोन मिरच्यांचं पाकीट एका मिरचीच्या दुप्पट तिखट असेलच असं नाही. त्यातून फक्त क्रम कळतो, दोन पायऱ्यांमधलं अंतर कळत नाही. एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञानं १९४६ साली मोजपट्ट्यांचे चार प्रकार सांगितले. त्यात ही क्रमाची पट्टी वेगळी आणि किलोची पट्टी वेगळी, कारण किलोला खरं शून्य असतं: शून्य किलो म्हणजे काहीच नाही, म्हणून दोन किलो एकाच्या दुप्पटच. मावशी सगळा व्यवहार किलोवर आणतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. कुणाची किती, ते त्यांच्या वहीत नावानिशी असतं. म्हणून "गेल्या साली केलेली त्यापेक्षा जरा तिखट करा" म्हटलं की वही उघडून संकेश्वरी वाढवता येते. गेल्या सालची चटणी तिखट होती की नव्हती, या वादात शिरावंच लागत नाही.

एका गोष्टीत मात्र त्या कुणाच्या मानानं वगैरे ऐकून घेत नाहीत. मिरची पूर्ण वाळलेलीच पाहिजे. माझ्यापुढच्या बाईंची मिरची मऊ लागली तशी मावशींनी परत दिली. "दोन उनं दाखवा, मग देतो की मी करून." तिखटपणाला वर टोक नाही, पण वाळण्याला आहे. ओल संपली की संपली. म्हणून आपण 'पूर्ण वाळलेली', 'अर्धवट वाळलेली' म्हणतो, 'अर्धवट तिखट' कुणी म्हणत नाही. ख्रिस्तोफर केनेडी आणि लुईज मॅक्नॅली या भाषाशास्त्रज्ञांनी २००५ साली विशेषणांची हीच विभागणी नीट मांडली. टोक असलेल्या पट्टीवर बहुधा ते टोकच निकष होतं, बिनटोकाच्या पट्टीवर निकष संदर्भातून आणावा लागतो. वर्गात मी आता हेच उदाहरण देते आणि पोरांना लगेच कळतं.

चटणीबद्दल. कांदा-लसूण जळकट लागत नाही, खोबरं-तीळ बेतानं भाजलेले असतात, आणि डंकात कुटल्यामुळं पोत जाडसर राहतो. आमटीत घातली की तवंग छान येतो. मीठ माझ्या चवीला जास्त वाटलं, ते आधी सांगून कमी घालायला लावा.

एप्रिल-मे महिन्यांत रांग लांब असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. खकाण्यानं शिंका येतात, तोंडाला बांधायला रुमाल न्या. मिरचीची देठं घरीच काढून न्या. पहिल्यांदा जाणाऱ्यानं घरातली शिल्लक चटणी पुडीत बांधून न्यावी. मावशी चिमूटभर जिभेवर ठेवतात आणि तिथून वर की खाली, एवढंच विचारतात.