खेळण्यांच्या नावाखाली आम्हाला लुबाडलं, ते असं

दिवाळीत गरजू लेकरांसाठी कुणी खेळणी जमवत असेल, तर त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं ही कळकळीची विनंती. बीड जिल्ह्यात आम्ही काही शिक्षक आणि कॉलेजातली मुलं मिळून हे काम करतो. लोकांनी विश्वासाने दिलेल्या वर्गणीतले ८३,००० रुपये एका माणसाने घाऊक व्यापारी असल्याचं सोंग घेऊन नेले. तो अजून सापडलेला नाही, म्हणून सगळं उघड लिहिते आहे.

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनाही फडात उतरावं लागतं. दसरा झाला की गाड्या हलायला लागतात. काही टोळ्या लक्ष्मीपूजन उरकून निघतात. मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, मुक्काम. काही लेकरं गावात आजी-आजोबांजवळ राहतात, बाकीची आईबापाबरोबर जातात. आमची खेळणी या जाणाऱ्या लेकरांसाठी असतात.

सुरुवातीला आम्ही जुनी खेळणी गोळा करायचो. देणाऱ्यांचा हेतू चांगला असायचा, पण चाक निखळलेली गाडी एकाला आणि धड असलेली दुसऱ्याला, असं वाटताना लेकरांचे चेहरे बघवत नाहीत. म्हणून वर्गणी काढून सगळं नवं घ्यायचं ठरवलं. कोपीत बहुधा वीज नसते, तेव्हा सेलवर चालणारं काही घेत नाही. बोचक्यात मावलं पाहिजे, तान्ह्या भावंडाच्या तोंडात जाईल असा बारीक तुकडा त्यात नको. चेंडू, उड्या मारायची दोरी, भातुकली, पाटी आणि रंगीत खडू. दहा-अकरा वर्षांच्या मुली तिथे धाकट्यांना सांभाळतात आणि खेळणी वाटताना नेमक्या त्याच राहून जातात. त्यांच्यासाठी आम्ही आवर्जून बॅडमिंटनच्या रॅकेटी घेतो. १ जानेवारी २०२१ पासून, मोजके अपवाद सोडले तर, भारतात विकायच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. लेकरं ही खेळणी तोंडात घालतात, त्यामुळे या चिन्हाबाबत आमचा हट्ट असतो.

या माणसाने नेमका हाच हट्ट हेरला. आमचं वर्गणीचं आवाहन बघून त्याने स्वतःहून फोन केला. दिल्लीच्या सदर बाजारात घाऊक व्यवसाय आहे म्हणाला. "मॅडम, बच्चों का काम है, मुनाफा नहीं लूँगा," हे त्याचं पहिलं वाक्य. कुरिअरने नमुने पाठवले, ते उत्तम होते. आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक होता, तो हे चिन्ह देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासला तर खरा निघाला. आता कळतं की दुकानातून विकत घेतलेली चांगली खेळणीच त्याने नमुना म्हणून पाठवली होती. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांकही खरा होता, पण दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा. त्या बिचाऱ्याला आपलं नाव कुठे वापरलं जातंय याचा पत्ताही नव्हता.

मग त्याने दोन गोष्टी मागितल्या. पहिली, लेकरांचे फोटो. "सेवाभावी दर" मंजूर करायला ऑफिसात लागतात म्हणे. दुसरी, वाटपाची तारीख. टोळ्यांच्या गाड्या कधी निघणार, हे त्याने अगदी आपुलकीने विचारून घेतलं. पुढचं सगळं त्याने या तारखेवर बेतलं होतं.

ऑर्डर ९०,००० रुपयांची. ४०,००० आगाऊ ठरले. खातं फर्मच्या नावाचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. आमचे हिशोब बघणारे सर अडले, तेव्हा फर्मच्या खात्याची आजची मर्यादा संपली, हे भावाचं खातं आहे, असं सांगून त्याने भावाशी बोलणंही करून दिलं. पैसे गेले आणि तासाभरात शिक्क्याची पक्की पावती आली. दोन-तीन दिवसांनी बिल्टीचा, म्हणजे माल गाडीत चढवल्याच्या पावतीचा, फोटो आला, त्यावर गाडीचा नंबर. मग निरोप आला की ट्रान्सपोर्टवाला पुढे माल हलवत नाही, बाकीतले २५,००० टाका. तेही दिले. वाटप जवळ आलं होतं, वस्तीवर लेकरांना सांगून झालं होतं.

यानंतर "ड्रायव्हर"चा फोन. मागे ट्रकचे हॉर्न, माणसांचा गलका. मध्य प्रदेशच्या सीमेवर जीएसटीच्या भरारी पथकाने गाडी अडवली, ई-वे बिलात (मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदात) चूक आहे, १८,००० दंड भरला नाही तर माल जप्त. व्यापारी म्हणाला, अर्धा मी सोसतो, पण आता माझ्या हातात रोकड नाही, तुम्ही भरा, बिलातून वळते करतो. आवाज रडवेला. आमच्यातल्या एका मुलाने स्वतःच्या परीक्षा फीसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले. या गोष्टीचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

पुढची मागणी गोदामभाड्याची आली तेव्हा सरांनी बीडमधल्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला कागद दाखवले. ५०,००० रुपयांवरचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना ई-वे बिल लागतं, त्याचा क्रमांक १२ अंकी असतो. आमच्या कागदावर ११ अंक होते. ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, जीएसटीचा दंड सरकारी चलनाने भरतात, कुणाच्या फोनवर पाठवत नाहीत, आणि पथक गाडी अडवतं तेव्हा लेखी आदेश देतं. कागद बघताक्षणी त्यांनी सांगितलं की माल निघालेलाच नाही.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग पोलीस ठाण्यात गेलो. शेवटच्या हप्त्यातली काही रक्कम बँकेत गोठवली गेली, कारण तक्रार लवकर पोचली. आधीचे पैसे मात्र खात्या-खात्यांतून फिरून काढून घेतलेले होते. गोठलेली रक्कमही अजून हातात आलेली नाही.

एवढ्यावर तो थांबला नाही. आमच्या लेकरांचे तेच फोटो लावून, आमचंच आवाहन जसंच्या तसं उचलून, खाली स्वतःचा क्यूआर कोड टाकून त्याने वर्गणी मागायला सुरुवात केली. अंबाजोगाईच्या एका ताईंनी कोड स्कॅन केला, पैसे भरण्याआधी स्क्रीनवर अनोळखी नाव दिसलं म्हणून आम्हाला विचारलं, तेव्हा कळलं. ज्या आईबापांनी विश्वासाने फोटो काढू दिले, त्यांना हे सांगायला जाणं फार जड गेलं. आता आम्ही वाटपात लेकरांचे चेहरे टिपत नाही. देणगीदाराला सामानाचा, बिलाचा आणि रिकाम्या खोक्यांचा फोटो जातो.

सगळ्या देणगीदारांना त्याच आठवड्यात पूर्ण हिशोब पाठवला, तक्रारीच्या पोचपावतीसह. कुणीही पैसे परत मागितले नाहीत. बीडच्या एका दुकानदाराने उधारीवर माल दिला, त्यामुळे निघणाऱ्या गाड्यांपर्यंत निदान चेंडू, दोऱ्या आणि पाट्या पोचल्या. रॅकेटी नाही घेता आल्या.

तुमच्याकडे असा फोन आला तर वाटपाची खरी तारीख सांगू नका, बरीच आधीची सांगा. म्हणजे उशीर झाला तरी घाईने पैसे टाकायची वेळ येत नाही. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एक नसेल तर व्यवहार तिथेच सोडा, मग समोरचा कितीही गोड बोलो. जीएसटी क्रमांक खरा निघाला तरी तेवढ्यावर विसंबू नका. त्या फर्मचा फोन स्वतः शोधून लावा आणि ऑर्डर त्यांच्याकडेच आहे का विचारा. शक्यतो आपल्या गावातून घ्या, दर थोडा जास्त पडला तरी. आणि पैसे गेलेच असतील तर त्याच्याशी भांडत बसू नका, लगेच १९३० लावा. चॅट, बिल्टी, पावती, फोनचे नंबर यातलं काहीही पुसू नका. आमची जी थोडी रक्कम अडवली गेली, ती याच कागदांच्या आधारावर.